सरकारांचे पाय कुशल

चंपाषष्ठीच्या दोन दिवस आधी, दुपारी, सासवडच्या अलीकडे ओढ्याकाठच्या चिंचेखाली फोडआप्पांनी सरकारांच्या डाव्या टाचेचा फोड सुईने फोडला. त्या दोघांखेरीज तेथे एकोणीस माणसे होती. अठरा जणांनी तोंड फिरवले. एकोणिसावा मी. मला लिहायचे होते, म्हणून मी पाहिले. फोड चिंचोक्यापेक्षा मोठा आणि सुपारीपेक्षा लहान होता.

मी तेव्हा सरकारांच्या दफ्तरात बातमीपत्रे लिहीत असे. ज्यांनी मला हे काम शिकवले त्यांचा दंडक होता की पाहिले ते लिहावे, ऐकले ते कोणाकडून ऐकले हे सांगून लिहावे, वाटले ते लिहू नये. आप्पांविषयी लिहितानाही तोच पाळतो. त्यांचे खरे नाव मला माहीत नाही. दफ्तरात ‘आप्पा, जोडे’ एवढीच नोंद होती. फोड हा शब्द त्यांच्या नावाला कसब्यातल्या लोकांनी लावला.

आप्पांचे काम नवे जोडे रुळवण्याचे. सरकारांचे पाय मऊ होते आणि कोरा जोडा त्यांना चावत असे. म्हणून मोच्याकडून आलेला प्रत्येक जोड आधी एकवीस दिवस आप्पांनी घालून हिंडायचे, मग तो सरकारांच्या पायात जायचा. आप्पा मूळचे हरकारे, पत्रे घेऊन धावणारे. एका पावसाळ्यात वाड्याच्या अंगणात सरकारांच्या पायाचा ठसा चिखलात उमटला होता. पत्र देऊन परतणाऱ्या आप्पांचा पाय चुकून त्यात पडला आणि नेमका बसला, कोठे बोटभरही कमी-जास्त नाही. कारभाऱ्यांनी हे गच्चीवरून पाहिले. त्याच दिवशी आप्पांचे हरकाऱ्याचे काम सुटले.

जोडे सरकारांचे असल्यामुळे आप्पांपुढे एक चोपदार चालत असे. तो “सरकारांचे जोडे!” म्हणून हाळी देई आणि रस्त्यावरची माणसे वाकून जोड्यांना मुजरा करीत. जोड्यांच्या वरच्या माणसाकडे पाहण्याचा रिवाज नव्हता. आप्पा म्हणत, “तीस वर्षं कसब्यात राहतोय. मला चेहऱ्यानं ओळखणारी माणसं दोन. एक बायको, दुसरा न्हावी.”

त्यांच्या शेजारी एक तांबट राहत. आप्पांच्या छपराची पन्हळ त्यांच्या भिंतीवर गळत असे आणि त्यावरून दोघांचे बोलणे बंद होते. पण सकाळी जोडे दारातून बाहेर पडले की तांबटांना हातातली हातोडी ठेवून मुजरा करावा लागे. एकदा मी बरोबर असताना तांबट कंबरेत वाकले आणि वाकल्या वाकल्या जोड्यांकडे पाहत म्हणाले, “पन्हळ कधी दुरुस्त करणार?”

“जोडे पायात आहेत तोवर घरचं बोलू नका,” आप्पा वरून म्हणाले. “सरकारांच्या कानावर जाईल.”

कोऱ्या जोड्याने आप्पांनाही फोड येत, पण ते त्यांना स्वतःचे मानीत नसत. “हे फोड सरकारांचे. माझ्या पायावर मुक्कामाला आलेत, एवढंच,” असे म्हणून ते पाहुण्यासारखी त्यांची बडदास्त ठेवीत. खांद्याला एक पिशवी असे. तिच्यात सुई, चकमक, मीठ, हळदीची पुडी, एरंडेलाची बुधली, जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि मेंढीच्या लोकरीचा पुंजका. टाचेला ऊन ऊन वाटू लागले की ते असतील तेथे बसत. एकदा भर बाजारात, भाजीवाल्यांच्या मधोमध बसले. चोपदार छत्री धरून उभा आणि दोन्ही बाजूंची माणसे मुजऱ्यात वाकलेली. पट्टी बांधून होईपर्यंत कोणाला सरळ होता आले नाही. “फोड जिथं येतो तिथंच बसावं,” ते मला म्हणाले. “घरी गेल्यावर बघू म्हणणाऱ्याचे एकाचे दोन होतात.”

त्यांचे इतर नियमही मी लिहून ठेवले आहेत. लहान फोडाला सुई लावायची नाही. मोठा असेल तर पाय मिठाच्या पाण्याने धुऊन, सुई जाळावर तापवून, खालच्या कडेला टोचायचे, म्हणजे पाणी आपल्या पायाने निघून जाते. वरची कातडी ओढायची नाही. “ते छप्पर आहे. पाऊस थांबला म्हणून कोणी घराचं छप्पर उतरवतं का?” मग एरंडेलात कालवलेली हळद, वर पट्टी आणि शेवटी चुंबळ. बायका घागरीखाली डोक्यावर ठेवतात तशीच कापडाची चुंबळ, पण रुपयाएवढी. ती फोडाभोवती बसवायची, म्हणजे जोडा चुंबळीला घासतो आणि फोड मधल्या खळग्यात निवांत राहतो. पाय लाल होऊन ठणकू लागला तर मात्र आप्पा हात लावीत नसत. म्हणत, “हा माझा नव्हे, वैद्यांचा.”

त्या वर्षी सरकारांची धाकटी मुलगी तापाने आजारी पडली. सरकार मोहिमेवर गेले नाहीत. मुलगी बरी झाली तर चंपाषष्ठीपर्यंत पुण्याहून जेजुरीला पायी येईन, वाटेत वाहनाला पाय लावणार नाही, असा नवस त्यांनी खंडोबाला बोलला. मुलगी बरी झाली. सरकारांनी त्याआधी सलग चाललेले सर्वांत लांब अंतर दिवाणखान्यापासून तबेल्यापर्यंतचे होते.

यात्रेसाठी आप्पांनी एक जोड एकवीस दिवस घालून लोण्यासारखा मऊ केला होता. निघण्याच्या आदल्या दिवशी वाड्यातल्या उपाध्यांनी तो पाहिला आणि विचारले, “हे कोणी घातले होते?”

“मी,” आप्पा म्हणाले.

“म्हणजे उष्टे झाले.”

“अहो, जोडे आहेत ते. जेवण नाही.”

“नवसाच्या वाटेवर दुसऱ्याच्या पावलांचे जोडे चालत नाहीत,” उपाध्ये म्हणाले. “त्यांत तुमची पावलं आधीच पडली आहेत. सरकार चालतील आणि पुण्य तुमच्याकडे जाईल. कोरे आणा.”

आप्पा सरकारांकडे वळून म्हणाले, “सरकार, न घातलेला जोडा हा जोडा नसतो. कातड्याची पेटी असते.” सरकारांनी दोघांकडे पाहिले आणि कोरे जोडे मागवले. कारभाऱ्यांनी जाता जाता आप्पांना सांगितले, “सरकार वाटेत पालखीत बसले तर नवस मोडेल. फोड हे तुमचं खातं. तसं झालं तर चंपाषष्ठीनंतर जोडे दुसरा माणूस रुळवील. त्या मापाचा पाय आम्ही पाहून ठेवला आहे.”

“माप पाहिलं असेल,” आप्पा म्हणाले. “टाच पाहिली का?”

मला मात्र ते त्या संध्याकाळी म्हणाले, “पन्नाशी उलटली, लिहिणारे. पुन्हा हरकारा म्हणून कोण ठेवील? आणि चालण्याखेरीज मला येतं काय?” मऊ केलेला जोड त्यांनी पिशवीत घातला आणि बरोबर घेतला.

प्रतिपदेला आम्ही निघालो. धनी पायी असता कोणी वाहनात बसू नये असा रिवाज असल्याने सगळेच पायी होते. घोडे जीन कसून रिकामे चालले होते. पालखीही होती, कारण सरकार पालखीशिवाय वेशीबाहेर पडत नसत. ती रिकामी होती आणि आठ भोई आळीपाळीने ती वाहत होते. कोंढव्याजवळ भोयांचा नाईक खांदा बदलताना मला म्हणाला, “रिकामी पालखी लई जड हाय, लेखकसायेब. मानूस आत असला म्हंजी तेवढं मन तरी लागतं.”

दुसऱ्या दिवशी बोपदेव घाटाच्या पायथ्याशी सगळ्यांना फोड आले. सरकारांना आले की नाही हे ठाऊक नव्हते, आणि धन्याआधी चाकराने फोड काढणे बरे दिसले नसते. त्यामुळे सगळे हसऱ्या तोंडाने लंगडत होते. मुक्कामाच्या ठिकाणी आप्पा झाडाखाली पिशवी उघडून बसत आणि त्यांच्याकडे कोणी जात नसे. घाटमाथ्यावर कारभाऱ्यांचा शिपाई येऊन म्हणाला, “एका माणसाच्या पायाबद्दल विचारायचं आहे.”

“माणूस पाठवा.”

“माणूस येऊ शकत नाही.”

“मग नुसता पाय पाठवा,” आप्पा म्हणाले.

रोज संध्याकाळी पुण्याला बाईसाहेबांकडे माझे बातमीपत्र जाई. कारभारी मजकूर सांगत, ‘सरकारांचे पाय कुशल.’ मी पाय पाहिले नव्हते. कोणाकडून ऐकले म्हणून लिहावे, तर सांगणाऱ्यांनीही पाहिले नव्हते. मी लिहिले. पुण्याहून उत्तर आले की वाड्यात साखर वाटली. ते ऐकून आप्पा म्हणाले, “असं लिहीत जाऊ नका. खोट्या कुशलानं फोड पिकतो.”

चौथ्या दिवशी दुपारी, त्या चिंचेपाशी, सरकार थांबले आणि ओढ्याकाठी दगडावर बसले. जोडा काढला. म्हणाले, “आप्पा, या.”

पुढचे मी वर लिहिले आहे. सुई लागली तेव्हा सरकारांनी ओढ्याच्या पलीकडे मेंढ्या चारणाऱ्या धनगराकडे पाहत राहणे पसंत केले. पाणी निघाले. आप्पांनी हळद भरली, पट्टी बांधली, चुंबळ बसवली. सरकारांचा फोड जाहीर होताच घटकाभरात आणखी सतरा फोड जाहीर झाले. त्यांतले दोन माझे. कारभारी पुढे सरसावले, तर आप्पांनी आधी एका भोयाचा पाय मांडीवर घेतला. “फोडाला हुद्दा नसतो, पिकण्याची वेळ असते,” ते म्हणाले. कारभाऱ्यांची पाळी अकरावी आली. लोकर संपली, ती धनगराने दिली. एवढ्या बड्या लोकांच्या पायांवर एकदम पट्ट्या पाहून त्याने विचारले, “लढाई कुठं झाली म्हनायची?”

सरकारांनी जोडा पुन्हा घालून पाहिला. चुंबळीसकट पाय त्यात जाईना. कोरे कातडे तसूभर ढळले नाही. त्यांनी घामाने भिजलेले तोंड पुसले आणि पालखीकडे पाहिले. भोयांनी ती खाली ठेवली. कारभाऱ्यांनी आप्पांकडे पाहिले.

आप्पांनी पिशवीतून मऊ जोड काढून सरकारांपुढे ठेवला.

“उष्टा आहे,” उपाध्ये म्हणाले. ते आठवे फोडवाले होते आणि एका पायावर उभे होते.

“माझी पावलं त्यात आहेत म्हणूनच ना?” आप्पांनी विचारले. “मग ती मी सरकारांना दान देतो. दान दिलं की ती सरकारांची. मग उष्टं कुठलं?”

उपाध्यांनी बराच वेळ विचार केला. शेवटी म्हणाले, “हरकत दिसत नाही. किती पावलं?”

“मोजली नाहीत.”

“मोजल्याशिवाय दान कसं?”

“तर मग जेवढी आहेत तेवढी. ठेवून काय करू?”

आप्पांनी ओढ्यात हातपाय धुतले. उपाध्यांनी मंत्र म्हटले. आप्पांच्या तळहातावरून पाणी सोडले आणि पावले सरकारांची झाली. सरकारांनी मऊ जोड पायात घातला, उभे राहिले, चार पावले टाकली. म्हणाले, “बरे आहेत.” पाच दिवसांत त्यांनी जोड्यांविषयी काढलेले हे एवढेच उद्गार आहेत.

मंडळी निघाली. आप्पाही पिशवी उचलून निघाले. उपाध्यांनी हात आडवा धरला.

“तुम्ही कसे चालणार?”

“पायांनी.”

“दिलेल्या दानाला दात्यानं हात लावायचा नसतो. गाय दान देऊन कोणी तिचं दूध काढतो का? तुमची पावलं आता सरकारांची आहेत. एक जरी वापरलंत तर दान फुकट, जोडे पुन्हा उष्टे आणि नवस मोडला.”

आप्पा एक पाय उचललेला तसाच धरून उभे राहिले. सरकार पुढे निघून गेले होते. कारभाऱ्यांनी उपाध्यांना पुन्हा विचारले, तर उत्तर तेच. आप्पांना तेथे ठेवता येईना, कारण पट्ट्या सकाळी बदलायच्या होत्या. घोड्यावर बसवता येईना, कारण धनी पायी होते. तेव्हा कारभाऱ्यांनी निर्णय दिला की आप्पा हे स्वार नव्हेत, सामान आहे. सरकारांची पावले त्यांच्या अंगात आहेत आणि ती जपून नेली पाहिजेत. सामान पालखीत ठेवण्यास रिवाजाची आडकाठी नव्हती. भोयांनी आप्पांना उचलून पालखीत ठेवले. नाईक म्हणाला, “आता कसं हलकं झालं!”

अशा रीतीने पुढे सरकार आप्पांचे जोडे घालून पायी, आणि मागे आप्पा सरकारांच्या पालखीत, असे आम्ही सासवड ओलांडले. वाटेत गावकरी पालखीला मुजरा करीत. आप्पा पडदा ओढून घेत. कऱ्हेच्या काठी मी पालखीशी जाऊन विचारले, काही लिहायचे का. ते म्हणाले, “हरकारा होतो तेव्हा ही वाट किती वेळा तुडवली. आज प्रथमच ती हलतेय.” चंपाषष्ठीला सकाळी सरकार जोडे काढून गडाच्या पायऱ्या चढले आणि त्यांनी भंडारा उधळला. नवस पुरा झाला. आप्पांचे काम राहिले.

पुण्यात परतल्यावर प्रश्न उरला तो आप्पांच्या चालण्याचा. दान परत घेता येत नव्हते. उपाध्यांनी दोन गोष्टी ठरवून दिल्या. घरात चालणे हे चालणे नव्हे, वावरणे आहे, तेव्हा ते करावे. घराबाहेर मात्र पावले सरकारांची असल्यामुळे सरकारांचे जोडे घालूनच चालावे. त्यामुळे आप्पा सकाळी नदीवर जायला निघाले, तरी पुढे चोपदार हाळी देई. न्हाव्याकडे जाताना हाळी, मारुतीला जाताना हाळी. दाढी होईपर्यंत न्हावी मुजऱ्यात, त्यामुळे दाढी अर्धीच होई. आप्पांची तक्रार नव्हती. जोडे होते आणि चालायला मिळत होते.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर सरकार उत्तरेच्या मोहिमेवर निघाले. एकवीस दिवस रुळवलेला जोड त्यांच्या पायात होता, राखीव जोड सामानात. निघताना आप्पांनी चार चुंबळी करून दिल्या आणि एक डाव्या जोड्यात स्वतःच्या हाताने बसवली. बरोबर येण्याची परवानगी मागितली. सरकार म्हणाले, “येणार कसे, आप्पा? पावलं मी घेऊन चाललो.” सगळे हसले. आप्पाही हसले.

पुण्यात सरकारांचा एकही जोड राहिला नाही, म्हणून आप्पा घराबाहेर पडले नाहीत. ओट्यावर बसून असत. उत्तरेकडून पत्रे आणणारे हरकारे पायाचे फोड दाखवायला त्यांच्याकडे येत. आप्पा आधी रागावत, “तिथंच का बसला नाहीस?” आणि मग पाय मांडीवर घेत. पट्टी बांधता बांधता विचारत, “सरकारांचे जोडे दिसले का?” तांबटांशी बोलणे त्याच काळात सुरू झाले. जोडे नसल्यामुळे तांबट सरळ उभे राहून भांडू शकत होते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीस पत्र आले की सरकार छावणीत पटकीने वारले. त्यानंतर महिनाभराने त्यांचे सामान वाड्यात पोचले. तलवार, पगडी, पूजेची पेटी आणि पायातला जोड. कारभाऱ्यांनी आप्पांना आणायला पालखी पाठवली. सामानाची यादी करायला मी हजर होतो.

आप्पांनी डावा जोडा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि आत बोटे घातली. चुंबळ जागेवर होती. त्यांनी टाचेचे कातडे आतून चाचपले, शिवणीवरून अंगठा फिरवला, तळ पाहिला. मग उजव्याचेही तसेच केले. बाईसाहेब पडद्याआड होत्या. त्यांनी विचारले, “त्रास झाला का त्यांना?”

“पायांना नाही, बाईसाहेब,” आप्पा म्हणाले. “कातडं कुठं ओरखडलेलं नाही. डाग नाही. शेवटपर्यंत नीट चाललेत.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अहो लिहिणारे, आता लिहा.”

“काय लिहू?”

“सरकारांचे पाय कुशल.”

मी लिहिले.

बाईसाहेबांनी जोड आप्पांना देण्यास सांगितले. आप्पांनी तो पगडीशेजारी ठेवला आणि तेथे ठेवला असल्याची नोंद मला करायला लावली. दाराशी भोई पालखी घेऊन उभे होते. आप्पा त्यांच्या शेजारून पुढे गेले आणि रस्त्याला लागले. चोपदार दोन पावले धावला, हाळी द्यायला तोंड उघडले, आणि पायांत जोडे नाहीत हे पाहून थांबला. उपाध्ये दारातच होते. त्यांनी पाहिले, पण हात आडवा धरला नाही.

मी काही अंतरावरून मागे गेलो. कसब्यात शिरल्यावर माणसे सवयीने वाकू लागली, त्यांना अनवाणी पाय दिसले, आणि मग त्यांनी मान वर केली. तांबट हातोडी ठेवून बाहेर आले. म्हणाले, “आप्पा, तुम्ही?” आप्पा म्हणाले, “पन्हळ उद्या बघतो.” रिकामी पालखी त्यांच्या दारापर्यंत मागून आली आणि तेथून परत गेली.